दोन रेकॉर्डर, दोन घड्याळं

पहाटेचा पक्ष्यांचा कलकलाट चार दिशांना ठेवलेल्या चार माइकवर टिपायचा, तर स्वस्तातली युक्ती लगेच सुचते: दोन चॅनेलचे दोन रेकॉर्डर घ्यायचे आणि दोन्हींची बटणं एकदम दाबायची. मीही तेच केलं होतं. सुरुवातीला टाळी वाजवली, नंतर तिच्यावरून दोन्ही फायली जुळवल्या. पहिली काही मिनिटं झकास. तासाभराने शेवटी वाजवलेली टाळी मात्र दोनदा ऐकू आली.

रेकॉर्डर आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेतो. त्यांचा ठेका आतला क्वार्ट्‌झचा स्फटिक धरतो आणि दोन स्फटिकांचा ठेका तंतोतंत एक कधीच नसतो. दहा लाखांत 20 एवढाच फरक धरा. तासाला 72 मिलिसेकंद झाले. तेवढ्यात आवाज हवेतून सुमारे 25 मीटर जातो. म्हणजे हिशेबाने एक माइक तासाभरात गुपचूप 25 मीटर सरकला! आपण डावं-उजवं ओळखतो ते दोन कानांशी आवाज पोचण्याच्या वेळेतल्या एका मिलिसेकंदाहूनही कमी फरकावरून. संगणकावर फाइल ताणून जुळवता येते, पण स्फटिकाची चाल तापमानाबरोबर बदलते, आणि पहाटेचा गारवा काही टिकत नाही. टाइमकोडने, म्हणजे फाइलवर उमटवलेल्या वेळेच्या शिक्क्याने, फाइल कधी सुरू झाली ते कळतं, तेवढ्याने ठेका एक होत नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: सगळे माइक एकाच डब्यात, म्हणजे एकाच रेकॉर्डरला.

डबा निवडताना खोक्यावरचे ‘ट्रॅक’ मोजू नका, माइक लावायची भोकं मोजा. झूम एफ8 या रेकॉर्डरमध्ये ट्रॅक 10, पण इनपुट 8. उरलेले दोन म्हणजे त्याच आठांचं मिश्रण. माइकना 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे रेकॉर्डरने माइकच्या वायरीतूनच पुरवलेली वीज, लागत असेल तर ती सगळ्या इनपुटांना मिळते का, तेही बघा. बॅटरी तिनेच लवकर उतरते.

खरा पैसा मुरतो तो प्रीअँपमध्ये. माइकचा क्षीण विद्युतसंकेत मोठा करताना प्रीअँप स्वतःची खरखर त्यात मिसळतो. निसर्गाने इथे तळ आखून दिलाय: 150 ओहमच्या साध्या रोधातही उष्णतेने इलेक्ट्रॉन वळवळतात, त्याचीच खरखर साधारण −131 डीबीयू (संकेताची पातळी मोजायचं एकक; आकडा शून्याखाली जितका खोल, तितकी खरखर कमी) भरते. चांगला प्रीअँप −127 पर्यंत पोचतो, स्वस्तातला −120 च्या आसपास अडकतो. ढोल-ताशा टिपणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. रातकिड्यांमागे लागलेल्याला मात्र रात्रभर ‘सूऽऽ’ ऐकावं लागेल. 32-बिट फ्लोट या नमुने साठवायच्या पद्धतीचा सध्या बराच गवगवा आहे. त्याने पातळी चुकली तरी आवाज फाटत नाही, हे खरं. पण प्रीअँपची खरखर त्याने तसूभरही घटत नाही.

चार माइक मांडायची दगदग नको असेल तर अँबिसोनिक माइक आहे. मायकेल गर्झन यांनी 1970 च्या दशकात मांडलेल्या कल्पनेनुसार चतुष्फलकाच्या चार तोंडांवर चार कॅप्सूल (आवाज टिपणारे माइकचे छोटे भाग) बसवलेल्या असतात आणि ऐकायची दिशा नंतर घरी बसून फिरवता येते.

चार चॅनेल, दर नमुन्याला 24 बिट म्हणजे तासाला सुमारे 2 जीबी. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा 4 जीबी, तेव्हा दोन तासांनी रेकॉर्डर नवी फाइल काढतो की थांबतो, हे घरीच तपासा. आणि थोडे पैसे माइकच्या केसाळ आवरणांसाठी राखून ठेवा. वाऱ्याची झुळूक उघड्या माइकवर आदळली की −127 काय आणि −120 काय, ऐकू येते ती फक्त घरघर.