सगळे चाफे एका प्रजातीचे नाहीत

देवचाफा, सोनचाफा आणि हिरवा चाफा ही एकाच झाडाची रूपे आहेत, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. नाव आणि सुगंध यांमुळे तसे वाटणे स्वाभाविक असले, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांची कुलेच वेगळी आहेत. देवचाफा ‘प्लुमेरिया’ प्रजातीचा, म्हणजे कण्हेरीच्या कुलातला आणि मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला. सोनचाफा ‘मॅग्नोलिया चंपाका’ (पूर्वीचे नाव ‘मिचेलिया चंपाका’). तर हिरवा चाफा सीताफळाच्या कुलातला ‘आर्टाबॉट्रिस’.

पडताळा घरीच घेता येतो. देवचाफ्याचे पान देठाशी मोडले की पांढरा चीक ठिबकतो (तो त्वचेला झोंबू शकतो, म्हणून हात लगेच धुवावेत). सोनचाफ्यात असा चीक नसतो. देवचाफ्याच्या पाच पाकळ्या तळाशी नळीत जुळलेल्या असल्याने फूल अखंड गळते, सोनचाफ्याच्या पाकळ्या मात्र एकेक करून सुटतात. हिरव्या चाफ्याचे फूल आकड्यासारख्या वाकलेल्या देठावर येते.