मेणवलीच्या घाटावरचे दोन तास

बाहेर बसून ऑइलमध्ये, म्हणजे तैलरंगात, निसर्गचित्र करण्याचं श्रेय सहसा एकट्या रंगाच्या ट्यूबला दिलं जातं. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली कथलाच्या, दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं, हे खरं. पण त्याआधीच चित्रकार डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधलेला रंग घेऊन उघड्यावर बसत होते. पिशवीला भोक पाडायचं, रंग काढायचा, खुंटी मारून बंद करायचं. आतला रंग घट्ट व्हायचा, नाहीतर पिशवीच फुटायची. कॅनव्हासपेक्षा कागद सोयीचा, म्हणून त्यावरच ऑइल लावत.

पद्धत घडली ती याच काळात. फ्रेंच चित्रकार व्हालाँसिएन याने १८०० सालच्या पुस्तकात लिहून ठेवलं: बाहेरचा अभ्यास, म्हणजे झटपट केलेलं सरावचित्र, फार तर दोन तास, सूर्योदय-सूर्यास्ताचा असेल तर अर्धाच तास. इंग्लंडमध्ये चित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये ढगांच्या अशा अभ्यासांच्या मागच्या बाजूला तारीख, वेळ, वारा टिपत असे.

हे दोन तास वाईजवळच्या मेणवलीच्या नदीकाठच्या घाटालाही लागू पडतात. सूर्य १५ अंश वर असताना सावली वस्तूच्या पावणेचार पट असते. ४५ अंशांवर ती वस्तूइतकीच उरते. मार्चमध्ये हा फरक साधारण दोन तासांत पडतो. सावलीमागे ब्रश पळवला की चित्रात दोन सूर्य दिसतात. म्हणून ९ × १२ इंचांचा बोर्ड पुरे. आदल्या दिवशी त्यावर बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, पातळ हात द्यावा. पांढरा बोर्ड उन्हात डोळे दिपवतो. पहिल्या पंधरा मिनिटांत सावल्यांचे आकार टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात पक्के करावेत, मग त्यांना हात लावू नये. उजेडाचा जाड रंग शेवटी. टर्पेंटाइन जास्त झालं तर वरचा रंग खालचा उचलतो आणि चिखल होतो.

घाटाचा दगड काळा, म्हणून काळा रंग घेणारे इथेच फसतात. उन्हातली पायरी मध्यम करडीच दिसते. अल्ट्रामरीन हा गडद निळा, बर्न्ट सिएना आणि पांढरा एवढ्यात ती मिळते. बोर्डावर थेट ऊन पडू देऊ नये: उन्हात रंग उजळ वाटतात, आपण गडद लावत जातो आणि घरी चित्र काळवंडलेलं निघतं. छत्री पांढरी किंवा करडी. लाल-निळी छत्री आपलाच रंग बोर्डावर सांडते.

ट्यूबने बदललं ते वेगळंच. तेल वेगळं होऊ नये म्हणून कारखानदार रंगात मेण घालू लागले आणि रंग लोण्यासारखा घट्ट झाला. त्याच शतकात ब्रशचे केस पकडून ठेवणाऱ्या पत्र्याच्या नळीमुळे चपटे ब्रश रुळले. रंग घोटण्याऐवजी शेजारी शेजारी चौकोनी फटकारे ठेवण्याची इम्प्रेशनिस्टांची, म्हणजे त्या शतकातल्या उघड्यावर रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकारांची, सवय या जोडीवर उभी आहे.

आपल्या भागात ऑइल आलं ते प्रामुख्याने व्यक्तिचित्रं आणि पौराणिक विषयांसाठी. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या १९३८ सालच्या संग्रहालयात ते रूप आजही पाहता येतं. स्पॉटवर मात्र जलरंग टिकला, आणि कारण साधं आहे: तो वाळवून घरी नेता येतो. जवसाचं तेल सुकत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन आळतं. त्याला दिवस लागतात. परतताना दोन ओले बोर्ड समोरासमोर धरून चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवावेत आणि सुतळीने बांधावेत. कोपऱ्यांवरचे चार डाग घरी दुरुस्त होतात.