क्रिकेटच्या पैशाचा पाट आणि खान्देशचे टोक

२०२३ च्या जून महिन्यात पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यात सहा संघ होते: पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर. जळगाव, धुळे आणि नंदुरबार यांपैकी एकाही जिल्ह्याच्या नावाचा संघ त्यांत नव्हता. खान्देशात क्रिकेट खेळणारे कमी आहेत, असे येथील उन्हाळा पाहिलेला कोणी म्हणणार नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतानाही ऊन कलले की मैदाने भरतात. परंतु अशा स्पर्धेत संघ कोणत्या गावाच्या नावाने असावा, हे खेळणाऱ्यांच्या संख्येवरून ठरत नसते. संघ विकत घेणारा कोण आहे आणि त्याला बाजारपेठ कोठे दिसते, यावर ते ठरते. ही रीत २०२३ मध्ये जन्मली नाही आणि २००८ मध्येही नाही, जरी क्रिकेटमध्ये पैसा आला तो आयपीएलमुळे, अशी एक सोयीची समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. पैसा पहिल्यापासून होता. बदलत गेला तो त्याचा उगम. आणि उगम जसजसा सरकला, तसतशी निर्णय घेणारी खुर्चीही त्याच्यामागे सरकत गेली.

पहिला उगम संस्थानिकांच्या खजिन्यात होता. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे कर्णधारपद पटियाळाच्या महाराजांकडे होते. त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे पळवणकर बाळू मात्र पुण्यात मैदानाची देखभाल करणारा नोकर म्हणून या खेळात शिरले होते. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, १९३४ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली आणि तिचा करंडकही पटियाळाच्याच महाराजांनी दिला. खर्च करणाऱ्याचा शब्द किती चाले, हे १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात उघड दिसले. संघाचे नेतृत्व विझियानगरमच्या महाराजकुमारांकडे होते, त्यांचा खेळ कसोटीच्या तोडीचा नव्हता, आणि दौऱ्यात उत्तम फलंदाजी करणाऱ्या लाला अमरनाथ यांना बेशिस्तीचा ठपका ठेवून अर्ध्यातून मायदेशी पाठवण्यात आले.

संस्थाने गेली आणि दोन नवे आधार पुढे आले, एक नोकरीचा आणि दुसरा तिकीटविक्रीचा. बँका, गिरण्या, टाटा, एसीसी, निरलॉन, रेल्वे अशा आस्थापना खेळाडूंना पगारावर ठेवत आणि कचेऱ्यांच्या टाइम्स शिल्डसारख्या स्पर्धांत त्यांना उतरवत. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाला या व्यवस्थेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे जळगावच्या जैन इरिगेशननेही याच परंपरेत आपला संघ उभा केला आणि तो मुंबईत जाऊन टाइम्स शिल्ड खेळू लागला. तिकीटविक्रीचे राजकारण मात्र अधिक कडवट होते. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे, तर सामन्याचे आयोजन मुंबई क्रिकेट संघटनेचे. संघटनेच्या वाट्याला तिकिटे किती यावीत यावरून दोघांचे बिनसले, तेव्हा संघटनेची सूत्रे शेषराव वानखेडे यांच्याकडे होती आणि ते विधानसभेचे अध्यक्षही होते. काही मिनिटांच्या अंतरावर दुसरे स्टेडियम बांधले गेले आणि १९७५ मध्ये तेथे कसोटी सामना झाला. क्रिकेट संघटनेच्या शिखरावर राजकीय वजन असले की जमीन, परवानगी आणि निधी यांची वाट सुकर होते, हा धडा महाराष्ट्रात तेव्हाच गिरवला गेला होता.

तोपर्यंत खान्देशाला कसोटी क्रिकेट पोहोचत होते ते कानांवाटे. बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकणारा श्रोता मंडळाला एक पैसाही मिळवून देत नव्हता, त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने तो जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. त्याला किंमत आली ती दूरचित्रवाणीमुळे, आणि तीही लगेच नाही.

ऑस्ट्रेलियात ही किंमत आधी ओळखली गेली. प्रक्षेपणाचे हक्क नाकारले गेल्यामुळे दूरचित्रवाणी वाहिनीचे मालक केरी पॅकर यांनी १९७७ मध्ये जगातील आघाडीचे खेळाडू करारबद्ध करून स्वतःचे समांतर क्रिकेट उभे केले, आणि १९७९ मध्ये तेथील मंडळाला तडजोड करून हक्क पॅकर यांच्या वाहिनीला द्यावे लागले. भारतात याच काळात परिस्थिती नेमकी उलटी होती. २५ जून १९८३ रोजी विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंना बक्षीस देण्याइतकी रक्कम मंडळाच्या गाठीशी नव्हती; दिल्लीत लता मंगेशकर यांचा कार्यक्रम झाला आणि त्याच्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देता आले. त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष असलेले नागपूरचे एन. के. पी. साळवे यांना लॉर्ड्सवरील अंतिम सामन्याची जादा तिकिटे नाकारण्यात आली आणि त्या अपमानातून विश्वचषक इंग्लंडबाहेर नेण्याचा निश्चय झाला, असे सांगितले जाते. अपमान खरा असेलही. परंतु १९८७ ची स्पर्धा भारत-पाकिस्तानात आणता आली ती रिलायन्सने पुरस्कर्ता म्हणून पैसा उभा केला म्हणून, आणि त्या स्पर्धेला नावही रिलायन्सचेच मिळाले.

पुढची खरी लढाई न्यायालयात झाली. दूरदर्शनची मक्तेदारी असताना सामन्यांच्या प्रक्षेपणासाठी दूरदर्शन हे क्रिकेट मंडळाला पैसे देण्याऐवजी मंडळाकडूनच पैसे मागत असे, हे आजच्या वाचकाला सांगूनही खरे वाटणार नाही. १९९३ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेने हिरो चषकाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले, त्यावरून सरकारशी संघर्ष झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात, ज्यातील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते, प्रक्षेपणाच्या लहरी (एअरवेव्हज) ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे ठरले. निकालाचा विषय नागरिकांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा होता. त्याचे सर्वांत मोठे आर्थिक फळ मात्र क्रिकेट मंडळाच्या पदरात पडले. चाळीसगाव असो की शहादा, टीव्हीसमोर बसलेला प्रत्येक प्रेक्षक आता जाहिरातदाराला विकता येण्याजोगा झाला, आणि असे प्रेक्षक भारताइतके दुसऱ्या कोणाकडेच नव्हते.

आंतरराष्ट्रीय कारभारात त्याचे पडसाद तत्काळ उमटले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांना असलेला नकाराधिकार १९९३ मध्ये संपला होता. १९९६ च्या विश्वचषकाने उपखंडातील बाजारपेठेचे आकारमान जगाला दाखवले आणि १९९७ मध्ये भारताचे जगमोहन दालमिया परिषदेचे अध्यक्ष झाले. दोन विश्वचषकांसह पुढील काही वर्षांचे हक्क सुमारे ५५ कोटी डॉलरना विकले गेले. त्याच सुमारास, एप्रिल २००० मध्ये, दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याच्या संभाषणांवरून सामनानिश्चितीचे (मॅच फिक्सिंगचे) प्रकरण उघड केले. वरून येणारा पैसा वैध होता आणि खालून येणारा अवैध, पण दोन्ही एकाच प्रेक्षकाच्या उत्सुकतेवर उभे होते.

खुर्चीला एवढे मोल आल्यावर तिच्यासाठीच्या निवडणुका खेळाडूंच्या आवाक्यात राहिल्या नाहीत. २००१ मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शरद पवार यांनी अजित वाडेकर यांचा पराभव केला. २०११ मध्ये विलासराव देशमुख यांनी दिलीप वेंगसरकर यांचा. देशाचे दोन माजी कर्णधार आपल्याच शहराच्या संघटनेत हरले, याचे तेव्हा फारसे आश्चर्यही कोणाला वाटले नाही, आणि मला वाटते, त्या काळाविषयी ही गोष्ट आकड्यांपेक्षा अधिक बोलते. २००५ मध्ये पवार मंडळाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी, मंडळ ही घटनेच्या अर्थाने राज्यसंस्था नाही, असा निर्णय दिला होता. देशाच्या नावाने संघ निवडणारी ही संस्था तमिळनाडूच्या कायद्याखाली नोंदलेली एक सोसायटीच राहिली.

२००८ चा प्रसंग या मालिकेत बसवून पाहिला की त्यातील नवेपण नेमके कोठे होते ते कळते. २४ जानेवारी २००८ रोजी आठ शहरांच्या नावांचे संघ मिळून ७२ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले आणि १८ एप्रिलला बेंगळुरूत पहिला सामना झाला. पैसा आधीही होता. मालक मात्र आधी नव्हता. आता खेळाच्या घटकांची खरेदी-विक्री होऊ लागली आणि नियम करणारा व संघ घेणारा हे दोघे एकच असू शकतील, अशी सोयही करून घेण्यात आली. मंडळाच्या नियमावलीतील ६.२.४ या कलमानुसार पदाधिकाऱ्यांना मंडळाच्या स्पर्धांत व्यापारी हितसंबंध ठेवता येत नव्हते. २००८ मध्ये त्यातून आयपीएल वगळण्यात आली. मंडळाचे पदाधिकारी एन. श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्सकडे चेन्नईचा संघ होता. २०१३ मध्ये स्पॉट फिक्सिंग आणि सट्टेबाजीचे प्रकरण बाहेर आले, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या मुद्गल समितीने चौकशी केली आणि २२ जानेवारी २०१५ रोजी न्यायालयाने ६.२.४ मधील ती दुरुस्ती रद्द केली. त्याच वर्षी चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले.

खान्देशाशी या इतिहासाचा सरळ संबंध येतो तो येथे, कारण मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती आर. एम. लोढा यांच्या समितीने जानेवारी २०१६ मध्ये मतांच्या वाटणीलाच हात घातला. मंत्री व सरकारी अधिकारी नकोत, सत्तरीनंतर पद नको, सलग कारकिर्दीनंतर सक्तीची विश्रांती हवी, यांबरोबरच एका राज्याला एकच मत असावे, अशी शिफारस तिने केली. महाराष्ट्र राज्यात तीन मते होती आणि आहेत: मुंबईचे, विदर्भाचे, आणि उरलेल्या महाराष्ट्राचे, जे पुण्यातील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे असते. रेल्वेलाही मत होते. ९ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने ही शिफारस शिथिल केली आणि तिन्ही मते कायम राहिली. मंडळाचे अनुदान मतदार असलेल्या सदस्य संघटनांकडे जाते, तेथून ते जिल्ह्यांकडे झिरपते. जिल्ह्याला वरच्या सभेत मत नाही.

नकाशा समोर ठेवला तर खान्देशची स्थिती विलक्षण दिसते. भुसावळहून पूर्वेला निघालेली गाडी मलकापूरला पोहोचली की विदर्भ संघटनेची हद्द लागते, खंडव्याच्या मार्गाने बऱ्हाणपूर आले की मध्य प्रदेशाची, आणि नंदुरबारहून तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने पश्चिमेला गेले की गुजरातची. नंदुरबारच्या मुलाला सुरत पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, पण निवड चाचणीसाठी त्याची दिशा पुण्याचीच. चार संघटनांच्या सीमा येथे भेटतात आणि एकीचेही मुख्यालय आसपास नाही. गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटले की टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला विचारावे, धरणात साठा किती आहे याने त्याचे पोट भरते का. वाटेतल्या चाऱ्या आधी पाणी घेतात. त्यात कोणाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही, पाट तसाच बांधलेला असतो.

उगमाजवळ असण्याने काय घडते, याचे उदाहरण शेजारीच आहे. साळवे यांच्यानंतर नागपूरचेच शशांक मनोहर २००८ मध्ये मंडळाचे अध्यक्ष झाले, त्याच वर्षी जामठा येथे नवे स्टेडियम उभे राहिले, निवासी अकादमी चालली, आणि पूर्वी दुबळ्यांत मोजल्या जाणाऱ्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्राच्या संघाने तो शेवटचा जिंकला १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली. केवळ मंडळातील वजनामुळे विदर्भ जिंकला असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मिळालेला पैसा मुलांच्या प्रशिक्षणावर खर्च करण्याचा निर्णयही कोणीतरी घ्यावा लागतो. पुण्यात वेगळे घडले. गहुंजेचे स्टेडियम २०१२ मध्ये खुले झाले, त्याला सहारा समूहाच्या प्रमुखांचे नाव देण्यात आले, पुढे कराराच्या रकमेवरून बिनसल्यावर ते उतरले. सहाराचाच पुण्याचा आयपीएल संघ २०१३ मध्ये गुंडाळला गेला. अशा वेळी दूरच्या जिल्ह्यांकडे वाहायला फारसे काही उरत नाही.

दरम्यान उगम फुगतच राहिला आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, म्हणजे एका सामन्यामागे शंभर कोटींहून अधिक. आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०२४ ते २०२७ च्या उत्पन्नातील सुमारे ३८.५ टक्के वाटा भारताला मिळतो. महिलांच्या प्रीमियर लीगचे पाच संघ २०२३ मध्ये ४,६६९.९९ कोटींना विकले गेले. या उगमाला खंड पडत नाही असेही नाही: पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी येताच भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचे नाव उतरले आणि काही आठवड्यांतच तेथे टायरच्या कंपनीचे नाव आले.

खान्देशात या साऱ्याची जी प्रतिकृती तयार झाली आहे, ती तालुक्याच्या प्रीमियर लीगची. टेनिस चेंडूच्या या स्पर्धांत संघमालक असतात, मंगल कार्यालयात खेळाडूंचा लिलाव होतो, केळीचे व्यापारी, सराफ, बांधकाम व्यावसायिक आणि निवडणुकीच्या तोंडावर इच्छुक उमेदवार बक्षिसे लावतात, आणि चषकाला नाव आमदारांचे किंवा नगरसेवकांचे असते. १९३४ चा करंडक पटियाळाच्या महाराजांचा होता, हे आठवले म्हणजे यात हसण्यासारखे काही उरत नाही. फरक एवढाच की या स्पर्धेतील धावा कोणत्याही निवड समितीच्या वहीत चढत नाहीत. तेथे नाव चढवायचे असेल, तर सोळा वर्षांच्या मुलाने किटची बॅग घेऊन जळगाव स्थानकावर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये चढायचे, आणि मनमाड, दौंड असा वळसा घेत पुण्याला चाचणीसाठी उतरायचे.