रॉड ठोकला म्हणजे शॉक बसत नाही?

पन्हाळा, गगनबावडा साइडला शेतात कॅराव्हॅन पार्क (राहायची सोय असलेल्या गाड्या उभ्या करून वीज जोडायची जागा) काढायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, गाडीच्या प्रत्येक जागेला अर्थिंगचा रॉड ठोका, मीठ-कोळसा घाला, मग शॉकचं टेन्शनच नाही. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि ते चूक आहे.

आता हिशोब बघा. रॉडचा जमिनीशी रेझिस्टन्स समजा 20 ओहम आला (उन्हाळ्यात कोरड्या जांभ्यात याहून कितीतरी जास्त निघतो, मग बसा बादल्या ओतत), तर 230 व्होल्टला फॉल्टचा करंट (फेज गाडीच्या पत्र्याला लागला की रॉडमधून जमिनीत जाणारा) जास्तीत जास्त साडेअकरा अँपिअर. बोर्डातला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, 16 अँपिअरचा, तो कशाला पडतोय, ढिम्म हलत नाही आणि गाडीच्या पत्र्यात करंट तसाच राहतो, मग पावसात चिखलात अनवाणी उभं राहून कुणी दाराच्या कडीला हात लावला की संपलंच.

इथं वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती सतत ताडून बघते, 30 मिलीअँपिअरचा फरक दिसला की सप्लाय तोडते. कॅराव्हॅन पार्कच्या आंतरराष्ट्रीय नियमात प्रत्येक सॉकेटला ती वेगळी लागते, सगळ्यांना मिळून एकच बसवली तर एकाच्या गिझरमध्ये लीकेज झालं की अख्खा पार्क अंधारात.

अर्थिंग काढून टाका असं कोण म्हणत नाहीये हां, ते पाहिजेच, पण अर्थची वायर पत्र्यापर्यंत पोचलीय का ते बघा. दोन पिनची एक्स्टेंशन कुणी आणली तर सरळ परत पाठवा. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खट्कन पडली नाही तर बदलायची.