चांदीपुरा: बाहेरून लावलेली कडी

खेड्यात चोरीची एक जुनी रीत सांगतात. ज्या घरात शिरायचं, त्याच्या शेजारच्या घरांना चोर आधी बाहेरून कड्या घालतात. शेजारी जागे झाले, ओरडले, तरी उंबरठा ओलांडता येत नाही. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव ज्या विषाणूला मिळालं, तो पेशीत जवळपास हेच करतो.

१९६५ साली तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. वालुमाशी त्याला पसरवते. मातीच्या भिंतीतल्या भेगा, गोठ्याचा ओलसर कोपरा ही तिची लपायची जागा. लहान लेकरांना जोराचा ताप येतो, झटके येतात आणि एक-दोन दिवसांत लेकरू हातचं जातं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. आजही यावर ना लस आहे, ना खास औषध. म्हणून तापात झटका आला की सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

इतका लहान विषाणू, अवघी पाच जनुकं, आणि शरीराचा जन्मजात पहारा त्याला आवरत का नाही?

पहारा झोपलेला नसतो. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकं ज्यात असतात तो रेणू, दिसताच पेशीतलं रिग-आय हे प्रथिन त्याला परका म्हणून ओळखतं. निरोप केंद्रकात पोचतो, तिथे इंटरफेरॉन या इशारा देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाची नक्कल उतरते. ही नक्कल केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर आली, तरच इंटरफेरॉन तयार होणार आणि शेजारच्या पेशी सावध होणार.

विषाणूचं एम प्रथिन या छिद्रातली ये-जाच अडवतं. हुकूम लिहिलेला असतो, पण आतच अडकतो. मला यातली खरी गोम वेगळीच वाटते: दार बंद झाल्याने विषाणूचं काहीच अडत नाही. त्याच्या नकला, त्याची प्रथिनं, सगळा कारभार केंद्रकाबाहेरच चालतो.

अमेरिकेत गुरांच्या तोंडात फोड आणणारा, आपल्या खुरकुतासारखा दिसणारा आजार याच्याच एका भाऊबंदामुळे होतो. त्याच्या एम प्रथिनात २२९ अमिनो आम्लं आहेत. त्यातलं ५१ वं बदललं की कडी निघते आणि पेशी भरपूर इंटरफेरॉन बनवते. असा बदललेला विषाणू निरोगी पेशींपुढे नमतो. पण अनेक कर्करोगी पेशींची इंटरफेरॉनची यंत्रणाच बिघडलेली असते, त्यांना मात्र तो मारतो. म्हणून कर्करोगावरच्या उपचारासाठी त्याच्यावर संशोधन सुरू आहे.