चोरओटी, सुतक आणि चोवीस आठवडे

आमच्या विदर्भातल्या खेड्यांत गरोदर बाईची तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. माजघरात दोन-तीन बायका, खण, तांदूळ, खोबऱ्याची वाटी. बाहेर कुणाला सुगावा लागू द्यायचा नाही. सातव्यात डोहाळजेवणाला मात्र सगळी आळी बोलावतात. पोटातलं लेकरू माणसात कधी धरायचं, याचा हिशेब असा महिन्यामहिन्याने होत आला.

हा हिशेब जुना आहे. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून गरोदर बाई ‘दौहृदिनी’, दोन हृदयांची. आपले ‘डोहाळे’ त्याच घराण्यातले. गर्भ गळाला तर सुतक किती? मनुस्मृती म्हणते, जितके महिने तितक्या रात्री. आणि त्याच धर्मशास्त्राने भ्रूणहत्या घोर पातकांत मोजली. ‘गर्भ पहिल्या दिवसापासून माणूसच, हे एकच मत आपल्याकडे होतं’ असं ठासून सांगणाऱ्यांनी सुतकाचा तो श्लोकही काढून बघावा.

इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत गर्भपात गुन्हा ठरवला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. लेकरू पोटात फिरायला लागलं असेल तर सात. निकष विलायती, पण गावच्या सुईणीला चटकन कळला असता. स्वतः पोट पाडणारी बाईही आरोपी. तिला गरोदर करून नामानिराळा झालेल्या पुरुषाबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. सगळ्यात जास्त भरडल्या गेल्या त्या विधवा. त्यांच्यासाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली (पुढे शिक्षा कमी झाली). वर्तमानपत्रांनी त्यावरून समस्त बायकांना धारेवर धरलं, तेव्हा आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे खवळल्या. १८८२ च्या ‘स्त्री-पुरुष तुलना’त त्यांनी विचारलं ते सरळ होतं: दोष सगळा बाईच्याच पदरात का? गर्भात जीव कधी येतो, या वादात त्या शिरल्याच नाहीत.

गर्भपाताला मुभा देणारा १९७१ चा कायदाही त्या वादात शिरला नाही. त्याआधी सरकारने नेमलेल्या शांतिलाल शाह समितीपुढे मुख्य चिंता होती चोरून होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या बायकांची. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, पुढे विसापर्यंत दोघांचं. २०२१ च्या दुरुस्तीने विसापर्यंत एक डॉक्टर पुरेसा ठरला आणि ठरावीक गटांतल्या बायकांसाठी मर्यादा चोवीसवर गेली. निर्णय बाईचा की डॉक्टरचा, हे अजून डॉक्टरच्याच सहीवर अडलेलं आहे.

मग सोनोग्राफी आली. गर्भलिंग तपासणीविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८ चा. केंद्राचा १९९४ चा. तरी २००१ ते २०११ मध्ये बुलढाण्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ९०८ वरून ८५५ वर आल्या. ताराबाईंचाच जिल्हा! गडचिरोलीत तेव्हा ९६१ होत्या. मुली वाचवायला भिंती रंगल्या, आणि कुठेकुठे ‘स्त्रीभ्रूणहत्या’तला ‘स्त्री’ गळून नुसतं ‘भ्रूणहत्या पाप आहे’ उरलं.

त्याच भिंतीवरून पाण्याला जाणारी दोन लेकरांची आई, पाळी चुकून दीड महिना झालेली, उपकेंद्रातल्या नर्सबाईला हळूच विचारते, “बाई, सफाई केली तं पोलीस तं नाही येत ना?” कायद्याने तिला विसाव्या आठवड्यापर्यंत मुभा आहे. नर्सबाईंनी सांगेपर्यंत नवऱ्याने मेडिकलवरून गोळ्या आणलेल्या असतात.