स्वतःच्याच आवाजावर मात : फुल-डुप्लेक्स रेडिओची पार्श्वभूमी

मेळघाटात किंवा भामरागडच्या बाजूला डोंगर-जंगलातून प्रत्येक टॉवरपर्यंत फायबर नेणे जिकिरीचे असल्यामुळे एका टॉवरचा सिग्नल दुसऱ्याने झेलून पुढच्या गावाला पोहोचवणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. मात्र झेलणे आणि पाठवणे एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी, म्हणजे फुल-डुप्लेक्स पद्धतीने, करू गेल्यास यंत्राचे प्रक्षेपण त्याच्याच रिसीव्हरमध्ये शिरते. झाडीपट्टीच्या नाटकात माइक भोंग्यासमोर आला की उठणारी कर्कश शीळ याच जातीची असते.

वाय-फाय यंत्र साधारण २० डीबीएम (रेडिओ शक्ती मोजण्याचे एकक) शक्तीने बोलते आणि त्याची नॉइज पातळी, म्हणजे रिसीव्हरमधली मूळची खरखर, उणे ९० डीबीएमच्या आसपास असते. म्हणजे स्वतःचा आवाज ११० डेसिबलने, दहा हजार कोटी पटींनी, दाबावा लागतो. आपण काय पाठवले हे यंत्राला ठाऊक असले तरी ते गणिताने वजा करण्याआधीच रिसीव्हर त्या आवाजाने भरून जातो, आणि ट्रान्समीटरची विकृती त्या गणितात नसतेच. म्हणूनच मोबाइलने वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा किंवा आळीपाळीचा मार्ग धरला.

टेलिफोनच्या तारांवरील प्रतिध्वनी वजा करण्याची युक्ती बेल लॅब्जमध्ये १९६० च्या दशकातच निघाली होती. रेडिओत मात्र खरी उचल २०१० मध्ये झाली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रक्षेपणाचे दोन अँटेना असे बसवले, की रिसीव्हरपासूनच्या त्यांच्या अंतरात अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झला सुमारे सहा सेंटिमीटरचा, फरक पडावा आणि दोन्ही लहरींनी परस्परांना खोडावे. फ्रिक्वेन्सीचा पट्टा रुंद झाला की ही खोडाखोड कच्ची पडे. २०१३ मध्ये आयआयटी कानपूरमधून शिकलेले दिनेश भराडिया, एमिली मॅकमिलिन आणि सचिन कट्टी यांनी एकाच अँटेनावर, ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, अ‍ॅनालॉग व डिजिटल वजाबाकी जोडून ११० डेसिबल गाठले. माझ्या मते या इतिहासातील निर्णायक टप्पा हाच.

त्यात लागणारा सर्क्युलेटर, म्हणजे एकाच अँटेनावरचा जाणारा आणि येणारा सिग्नल वेगळा ठेवणारा भाग, चुंबकावर चालणारा आणि फोनसाठी बोजड होता. कोलंबिया विद्यापीठात हरीश कृष्णस्वामी यांच्या गटाने २०१६ मध्ये चुंबकाविना, साध्या चिपवर तो साधला. तरीही फोनवर बोटे ठेवण्याची जागा बदलली तरी परावर्तने बदलतात आणि जुळवलेली वजाबाकी पुन्हा जुळवावी लागते. त्यामुळे मोबाइलची जागतिक मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने मानकांच्या रिलीज १८ मध्ये ज्या पद्धतीचा अभ्यास केला, तिच्यात फुल-डुप्लेक्सचा भार टॉवरवर राहतो आणि फोन पूर्वीसारखाच आळीपाळीने चालतो. वाहिनीतला एक उपपट्टा अपलिंकसाठी, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलसाठी, राखला जातो, जेणेकरून गावकुसाबाहेरच्या शेतातून क्षीण सिग्नल पाठवणाऱ्या फोनला टॉवरशी बोलायला अधिक वेळ मिळावा.